सगळे धर्म सारखेच? मग बोलायचं काय!

गेले तीन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. रिलीज होतं, आणि रिलीजच्या महिन्यात शनिवार-रविवार कसे जातात हे तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. आज जरा निवांत आहे. सकाळीच मिस्साला जाऊन आलो, चहा झालाय, तेव्हा बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय एकदाचा लिहून टाकतो. मित्राबद्दल आहे म्हणून आधी त्यालाच वाचायला दिला. त्याने कुराणाबद्दलच्या दोन चुका दुरुस्त केल्या, एक विनोद काढायला लावला (चांगला होता हो!) आणि नाव टाकू नकोस म्हणाला. म्हणून नाव नाही.

तर मी वसईचा, कॅथलिक. तो चिपळूणकडचा, कोकणी मुसलमान. घरी बोलायची बोली त्याची वेगळी, माझी वेगळी, पण शाळेत दोघांनीही बालभारतीच घोकलेली. दोघंही पुण्यात, खराडीतल्या एकाच ऑफिसात. तो कोंढव्याला राहतो आणि मी फातिमानगरला, त्यामुळे अडीच-तीन वर्षं त्याच्याच गाडीतून माझं जाणं-येणं चाललंय. कोंढवा ते खराडी, व्हाया मगरपट्टा आणि मुंढवा, हा रस्ता ज्यांनी संध्याकाळी सहा वाजता केलाय त्यांना पटेल की देव, मरण आणि परलोक यांवर बोलायला एवढा वेळ माणसाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

फातिमानगरवरूनच आमची पहिली गंमत झाली होती. हे नाव ऐकलं की त्याला पैगंबरांची लेक आठवते आणि मला पोर्तुगालमधलं ते खेडं, जिथे १९१७ साली तीन मेंढपाळ पोरांना मारियामातेचं दर्शन झालं असं आम्ही मानतो. मग कळलं की त्या पोर्तुगीज खेड्याचं नावही मूळचं अरबीच, मुसलमानी राजवटीच्या काळापासून चालत आलेलं. म्हणजे माझी फातिमाही फिरून त्याच्याचकडची निघाली. तेव्हा दोघं खूप हसलो. पण हे हसणं सोपं होतं. अशा गमती-जमतींवर मैत्री वर्षानुवर्षं चालते आणि खरं बोलणं कधी होतच नाही.

ते सुरू झालं एका नाताळात, आणि निमित्त होतं ऑफिसच्या पँट्रीतला केक. आमचा एक सहकारी, फार सज्जन माणूस, प्लेट हातात घेऊन म्हणाला, "शेवटी काय रे, सगळे धर्म एकच सांगतात. नावं तेवढी वेगळी." आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. संध्याकाळी मगरपट्ट्याच्या अलीकडे गाडी अडकली तेव्हा मित्र म्हणाला, "तू दुपारी मान का डोलावलीस?"

"तू का डोलावलीस?"

"माझ्या तोंडात केक होता."

मग थोडा वेळ शांतता. आणि मग तो म्हणाला, "अरे, पण आपण दोघंही खोटं बोललो ना?"

खोटंच होतं. आता इथे थोडं थांबून सांगतो, कारण काही वाचक लगेच सरसावतील. 'सगळे धर्म सारखेच' म्हणणाऱ्यांची मी टिंगल करत नाहीये. ज्या देशात दंगली झाल्या आहेत, होतात, तिथे हे वाक्य माणसं भांडण टाळायला म्हणतात आणि तो हेतू चांगलाच आहे. माहीमला बुधवारी सेंट मायकलच्या नोव्हेनाला किती हिंदू, पारशी, मुसलमान येतात ते मी लहानपणापासून पाहिलंय, आणि तिथूनच जवळ मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यात माझी सख्खी मावशी मेणबत्तीच्या सवयीने अगरबत्ती लावून आलेली आहे. छानच आहे हे. पण हे वाक्य म्हणजे आपल्या बग ट्रॅकरवर काहीही न तपासता तिकीट 'क्लोज' करण्यासारखं आहे. कोणी विचारलंच नाही की तू नक्की काय मानतोस. सारखंच आहे म्हटल्यावर विचारायचं तरी काय? माझ्या मते हे वाक्य समोरच्याच्या धर्माला मान देत नाही, त्याच्याबद्दलची उत्सुकता तेवढी संपवतं.

असो. तर त्या संध्याकाळपासून आम्ही बोलायला लागलो.

सुरुवात अर्थातच मरियमपासून झाली, कारण ती सोपी जागा. मला वाटायचं येशूबद्दल मला जास्त माहीत असणार, धर्मशिक्षणाची परीक्षा मी पहिल्या नंबराने पास झालेलो! याने मला सांगितलं की कुराणात नाव घेऊन जिचा उल्लेख आहे अशी ती एकमेव स्त्री, आणि एकोणिसावा आख्खा सूरा तिच्या नावाचा. खजुराच्या झाडाखाली तिला कळा येतात, मरण आलं असतं तर बरं असं ती म्हणते, आणि मग तान्हं बाळ पाळण्यातून बोलून आईची बाजू घेतं. आमच्या बायबलमध्ये हा प्रसंग नाही. आमच्याकडे गोठा आहे, मेंढपाळ आहेत, पण बाळंतपणाच्या वेदनेबद्दल एक अक्षर नाही. मी घरी फोन करून आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं झालं कुणीतरी लिहिलं."

मग एक अशी गोष्ट निघाली जी फक्त मराठीत बोलणाऱ्यांच्यातच निघू शकते. तो एकदा न राहवून म्हणाला, "तुम्ही त्यांना देव मानता ना? मग हे काय, 'येशू आला, येशू जेवला', शेजारचा पोरगा असल्यासारखं?" तो स्वतः 'ईसा अलैहिस्सलाम' म्हणतो, कायम आदरार्थी. मराठी बायबलमध्ये येशू एकेरीतच आहे, आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, आपण आईला अगं म्हणतो, विठोबाला लोक अरे म्हणतात, जवळच्याला मराठीत अहो-जाहो कोण करतं? त्याला ते फारसं पटलं नाही. देव जवळचा असेल, पण इतका?

आणि माझीही खोड मोडायची होतीच. मी इंग्रजी पुस्तकं वाचून "मोहम्मद असं म्हणाला, मोहम्मद तिथे गेला" असं बोलायचो. तो काही बोलायचा नाही, फक्त पुढचा सिग्नल येईपर्यंत गप्प व्हायचा. हे चार-पाच वेळा झाल्यावर मला उलगडलं. तेव्हापासून मी 'पैगंबर म्हणाले' असं म्हणतो. त्यावर त्याने मला सरळ विचारलं, "म्हणजे तू त्यांना पैगंबर मानतोस?" मी म्हटलं, नाही मानत. तुझ्यासमोर तुझ्या माणसाचं नाव नीट घेतोय, एवढंच. तो म्हणाला, एवढंच पुरे. आता बघा, हा संवाद 'सगळे सारखेच'वाल्या पँट्रीत झालाच नसता. मी मानत नाही हे बोललो म्हणूनच त्या 'म्हणाले'ला काही किंमत आली.

त्रैक्याच्या बाबतीत माझी जी फजिती झाली ती सांगायलाच हवी. एक देव, तीन व्यक्ती. मी आधी पाणी-बर्फ-वाफेचं उदाहरण दिलं. मग इंजिनियर जागा झाला, म्हटलं एकच ऑब्जेक्ट आणि तीन इंटरफेस समज. तो कोड रिव्ह्यूमध्ये जसा निर्दय असतो तसाच इथेही. म्हणाला, "मग क्रूसावर कोण मेलं? एक इंटरफेस? आणि बाकीचे दोन चालू होते?" मी रविवारी आमच्या फादरांना गाठलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, अरे, ते पाण्याचं उदाहरण चर्चने तिसऱ्या शतकातच पाखंड म्हणून बाद केलंय! एकच देव तीन रूपं बदलतो असं सबेलियस म्हणायचा, त्याला बहिष्कृत केलं होतं. म्हणजे मी माझ्या मित्राला गेला महिनाभर अधिकृत पाखंड शिकवत होतो. सोमवारी गाडीत बसल्या बसल्या कबुली दिली. तो म्हणाला, "बघ, मला वाटलंच होतं हे तुमचं नसणार." त्याला माझ्यापेक्षा माझ्या धर्माबद्दल जास्त खात्री!

खरा अडसर मात्र क्रूसाचा आहे, आणि तिथे हसण्यावारी नेता येत नाही. कुराण स्पष्ट सांगतं की त्यांनी ईसाला मारलं नाही, क्रूसावर चढवलं नाही. मला वर्षानुवर्षं वाटायचं की हे येशूला कमी लेखणं आहे. मित्राने ते उलटं करून दाखवलं. त्याच्या दृष्टीने अल्लाह आपल्या एवढ्या थोर पैगंबराला त्या बेइज्जतीच्या मरणाच्या हवाली करेलच कसा? येशूबद्दलच्या आदरापोटीच तो क्रूस नाकारतो. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि माझी सगळी श्रद्धा नेमकी त्याच जागी उभी आहे: देव बेइज्जत व्हायला तयार झाला, आपल्या पायरीला उतरला. ते काढलं तर माझ्या हातात एक सुंदर नीतिबोध उरतो, बाकी काही नाही. यात मधला रस्ता नाही. त्या शुक्रवारी तो क्रूसावर होता किंवा नव्हता. आम्ही दोघांनी हे एकमेकांना मांडून सांगितलं आणि मग बराच वेळ रेडिओ लावून बसलो.

वाईट प्रश्नही विचारले. मी विचारलं, मुसलमानाला धर्म सोडता येतो का? त्याने सारवासारव केली नाही. म्हणाला, जुन्या फकिहांनी, चारही मजहबच्या, मृत्युदंड सांगितलाय हे खरं आहे. मी ते मान्य करत नाही, धर्मात जबरदस्ती नाही असं कुराणच सांगतं आणि मी त्या बाजूचा. पण माझ्या बाजूचे सगळेच नाहीत, हेही तुला सांगतो. मग त्याने विचारलं, गोव्याचं इन्क्विझिशन? मी म्हटलं, १५६० ते १८१२, मधे थोडा खंड, आणि ते आमच्याच लोकांनी चालवलं, देवाचंच नाव घेऊन. 'ते पोर्तुगीज होते, आम्ही नव्हे' असं म्हणायचा मोह मला झाला होता. वसईही पोर्तुगीजांकडेच होती, १७३९ पर्यंत. माझ्या घराण्याचा बाप्तिस्मा त्याच काळातला, तो कुणी राजीखुशीने घेतला आणि कुणी कशापायी, हे आज मला कुणी सांगू शकणार नाही. तेव्हा हात झटकणं बरं दिसलं नसतं. एक नियम आमचा आपोआप ठरला: स्वतःचं पुस्तक आणि दुसऱ्याचा इतिहास, अशी तुलना करायची नाही. पुस्तकाशी पुस्तक, इतिहासाशी इतिहास.

आता जो मुद्दा चारचौघांत बोलायला लोक घाबरतात तो. ख्रिस्ती आणि इस्लाम हे दोन्ही धर्म सगळ्या माणसांना हाक मारणारे आहेत. मी मनापासून ख्रिस्ती असेन तर माझ्या मित्राने येशूला ओळखावं असं मला वाटणारच. तो मनापासून मुसलमान असेल तर मी कलमा पढावा असं त्याला वाटणारच. सध्याच्या वातावरणात ही गोष्ट नुसती उच्चारली तरी लोक दचकून इकडेतिकडे बघतात, जणू आपण काही कट करतोय. घटनेच्या २५व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे, आणि १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. कायद्याचं कायदा बघेल. पण मैत्रीत ही इच्छा लपवून ठेवली की ती नासते. माझी आई यात माझ्यापेक्षा धीट निघाली. तो वसईला आला होता तेव्हा जेवण वाढता वाढता तिने त्याला सांगून टाकलं, "मी रोज संध्याकाळी माळेच्या प्रार्थनेत तुझं नाव घेते बरं का. तू आमच्यात यावास म्हणून." मी पाणी पिता पिता ठसकलो. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, घ्या. मी पण तहज्जुदला उठलो की तुमच्या घरासाठी तीच दुआ मागतो." आणि दोघांनी आणखी थोडं मासे-भात घेतला. (इंदियाल त्या दिवशी केलं नव्हतं, आईने टोपच वेगळं काढलं होतं.)

याच संदर्भात दोन जुन्या गोष्टी. एक त्याची, एक माझी.

त्याची अशी. साधारण ६१५ च्या सुमाराला मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमानांची एक तुकडी समुद्र ओलांडून अक्सुमच्या ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे, आसऱ्याला गेली. आजचा इथिओपिया-एरिट्रिया. मागोमाग मक्केचे दूत आले, यांना परत द्या म्हणून. इब्न इसहाकच्या चरित्रात ही हकिकत आहे. पहिल्या दिवशी पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर यांनी मरियमच्या सूऱ्यातला भाग ऐकवला आणि राजा रडला. इथे गोष्ट संपवतात लोक, सर्वधर्म वगैरे म्हणून. पण दुसऱ्या दिवशी दूत परत आले आणि म्हणाले, महाराज, हे लोक ईसाबद्दल काय म्हणतात ते विचारा तर खरं! आता जाफरपुढे पेच. गोड बोलावं तर जीव वाचतो. त्यांनी ठरवलं की आहे ते सांगायचं. ईसा अल्लाहचा बंदा आणि रसूल आहे, मरियमच्या पोटी घातलेला त्याचा शब्द आहे, असं सांगितलं, म्हणजे देवाचा पुत्र नाही हे ख्रिस्ती राजाच्या तोंडावर. दरबारातल्या धर्मगुरूंनी नाकं मुरडली. राजाने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला, तू सांगितलंस त्यात आणि ईसात या काडीएवढाही फरक नाही. आणि दूतांना परत पाठवलं.

मी म्हटलं, राजाचं ते काडीचं मला पटत नाही, फरक काडीएवढा नाहीच. तो म्हणाला, मलाही तुझ्यासारखंच वाटतं. पण फरक केवढा आहे हे जाफरनी आधी सांगितलं, आणि मग राजाने त्यांना ठेवून घेतलं. आधी सांगितलं, हे महत्त्वाचं.

माझी गोष्ट १२१९ची. पाचवं क्रूसयुद्ध, नाईलच्या मुखाशी दमिएत्ताला वेढा. असिसीचा फ्रान्सिस एका सोबत्याला घेऊन, हातात शस्त्र नाही, शत्रूच्या छावणीत गेला, सुलतान अल-कामिलला भेटायला. आजकाल हे 'सुसंवादा'चं चित्र म्हणून रंगवतात. २०१९ साली, भेटीला आठशे वर्षं झाली म्हणून, पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम यांनी अबुधाबीत बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या तेव्हाही या भेटीची आठवण निघाली. पण फ्रान्सिस गेला होता सुलतानाला ख्रिस्ती करायला, आणि ते त्याने लपवलं नव्हतं. सुलतानाने ऐकून घेतलं, ख्रिस्ती झाला नाही, आणि याला सुखरूप परत पाठवलं. त्यावेळी तिथे असलेल्या जाक दे व्हित्री या बिशपने लिहून ठेवलंय की निरोप देताना सुलतानाने फ्रान्सिसला प्रार्थना करायला सांगितली, देवाला जो धर्म जास्त आवडतो तो त्याने मला दाखवावा म्हणून. बिशप आमच्या बाजूचा, तेव्हा त्याने थोडं तिखटमीठ लावलं असेल असं मित्राचं म्हणणं. असेलही. पण दोन माणसं, दोघांनाही दुसरा बदलायला हवाय, दोघांनाही ते ठाऊक आहे, आणि तरी तंबूत काही दिवस बोलणं चाललंय. मला हे चित्र आवडतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

२०२४च्या पावसाळ्यात त्याचे अब्बा गेले. मी रात्रीच निघून गावी पोचलो. जनाज्याची नमाज उभ्यानेच असते, त्यात वाकणं-टेकणं नसतं. मी मागे, ओळींच्या बाहेर, चप्पल काढून उभा राहिलो. कब्रस्तानात माती द्यायची वेळ आली तेव्हा त्याने मला हाताला धरून पुढे घेतलं. तीन मुठी. मातीतूनच घडवलं, मातीतच परत नेणार, अशा अर्थाची आयत त्यावेळी म्हणतात. मी ती म्हटली नाही, पण मूठ टाकली. आमच्याकडेही मातीच देतात.

पुढच्या वर्षी, २०२५ला, रमजान आपल्याकडे २ मार्चला सुरू झाला आणि आमचा राखेचा बुधवार आला ५ मार्चला. म्हणजे दोघांनाही उपास. मी सकाळच्या मिस्साला कपाळावर राख लावून घेतली होती आणि ती तशीच ठेवली होती. संध्याकाळी मुंढव्याला गाडी अडकली, पावणेसात वाजायला आलेले, घरी पोचून इफ्तार होणार नाही हे दिसतच होतं. डॅशबोर्डवर खजुराचा डबा होता. वेळ झाली तशी त्याने एक खाल्ला, एक मला दिला. मग माझ्या कपाळाकडे बघून विचारलं, ते लावताना काय म्हणतात? मी सांगितलं, तू माती आहेस आणि मातीला मिळशील, अशा अर्थाचं.

बराच वेळ तो पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या हिशेबाने माझे अब्बा कुठे असतील?"

पँट्रीतलं वाक्य या क्षणी माझ्या काहीही कामाचं नव्हतं. मी त्याला माझ्या चर्चची शिकवण सांगितली, जशी आहे तशी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४च्या दस्तऐवजात मुसलमानांचा नावाने उल्लेख आहे, ते आमच्याबरोबर एकाच दयाळू देवाची उपासना करतात असं म्हटलंय. आणि ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांना तारण मिळू शकतं. मी म्हटलं, अब्बांसारखा माणूस देवाजवळ नसेल असं मला वाटत नाही. पण मी हेही मानतो की ते तिथे असतील तर येशूमुळेच असतील.

"म्हणजे माझ्या बापाला तुझ्या येशूच्या पासवर आत घेतलं? त्यांनी मागितला नसताना?"

तो हसत होता, आणि त्याला लागलंही होतं. दोन्ही खरं. मी माघार घेतली नाही, कारण घेतली असती तर पुढे काहीच बोलता आलं नसतं. मी विचारलं, "आणि माझं काय? तुझ्या हिशेबाने?"

मग त्याने गझालींचं सांगितलं. इमाम गझाली, ११११ साली वारले, फार मोठं नाव. त्यांनी गैरमुसलमानांचे तीन गट केले. ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचं नावच पोचलं नाही ते. ज्यांच्यापर्यंत पोचलं पण उलटसुलट, खोट्यानाट्या गोष्टींसकट, ते. या दोघांना माफी. तिसरे ते, ज्यांना नीट कळलं, आणि तरी नाकारलं.

तो म्हणाला, "तू माझ्या गाडीत पहिल्यांदा बसलास तेव्हा दुसऱ्या गटात होतास. तुझी ती इंग्रजी पुस्तकं. आता अडीच वर्षं मीच तुला सगळं नीट सांगतोय. रोज. मला रात्री विचार येतो, मीच तुला तिसऱ्या गटात ढकललं की काय."

मला काही सुचेना. कारण त्याच परिषदेच्या त्याच दस्तऐवजात हेही आहे: चर्च ख्रिस्तानेच आवश्यक केलं आहे हे जाणूनही जो आत येणं नाकारतो, त्याचं तारण होऊ शकत नाही. अब्बांना जी सूट होती ती याला कुठे? मीच तर याला क्रूस समजावून सांगितला, पाखंडं दुरुस्त करून करून. दोन मित्र एकमेकांची माफी खर्च करत बसले होते.

"मग बोलणं बंद करायचं?" त्याने विचारलं, आणि तो गंभीर होता.

आता मी माझं मत सांगतो, कारण हा शेवटी मताचाच लेख आहे. नाही करायचं. अज्ञानाच्या सवलतीवर मित्राला ठेवणं म्हणजे त्याला लहान मूल समजणं. शिवाय 'नीट कळणं' ही डाऊनलोडसारखी गोष्ट नाही की शंभर टक्के झालं आणि आता जबाबदारी तुझी. मी क्रूसाबद्दल बोललो, पण त्याला दिसला तो माझ्या तोंडून, ट्रॅफिकमध्ये, माझ्या चिडचिडीसकट. त्यातलं किती पोचलं याचा हिशेब मी ठेवू शकत नाही, तोही नाही. तो ज्याने ठेवायचा त्याच्यावर सोडण्यात दोन्ही धर्मांचं एकमत आहे. मी त्याला हे साधारण असंच सांगितलं, इतकं सलग नव्हे. आणि वर म्हटलं, "तुझी समजावून सांगायची पद्धत बघता मी अजून दुसऱ्याच गटात आहे, काळजी करू नकोस."

तो हसला नाही. गाडी हलली. फातिमानगरला मला सोडताना फक्त 'चल' म्हणाला, नेहमीसारखं 'उद्या आठला' म्हणाला नाही.

घरी जाऊन मी जेवलो नाही. उपासाचा दिवस होता म्हणून, आणि नव्हता तरी जेवलो नसतो. त्याच्या बापाबद्दल मी जे बोललो ते बोलायला नको होतं का, याचा रात्रभर विचार केला. 'ते स्वर्गात आहेत' एवढंच म्हणून गप्प बसता आलं असतं. अर्ध खरं होतं तेही.

सकाळी आठला पाच मिनिटं असताना खाली हॉर्न वाजला. दार उघडून बसलो. त्याचे डोळे सेहरीला उठल्यामुळे तांबडे होते. म्हणाला, "काल तू पासचं बोललास ना. मी त्यावर रात्री विचार केला. त्यात एक लोच्या आहे."

मी सीटबेल्ट लावला. म्हटलं, बोल.